तालुक्यातल्या शिक्षण प्रतिष्ठानाने जि. प. शाळांना आणि शिक्षकांना नेमकी कशी मदत करावी?

नांदगावचा_पार

नमस्कार मंडळी. आमच्याकडच्या माजी विद्यार्थ्यांनी आणि काही व्यापाऱ्यांनी मिळून शिक्षण प्रतिष्ठान काढलं आहे. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी झाली, १२ए आणि ८०जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या) हातात आहे. वर्षाला साधारण सहा लाख जमतील. समोर दोन केंद्रांतल्या (केंद्र म्हणजे जवळपासच्या शाळांचा गट) जिल्हा परिषदेच्या १४ शाळा आहेत, बहुतेक द्विशिक्षकी, तीन शाळा आठवीपर्यंत. आतापर्यंत दप्तरं आणि वह्या वाटल्या. फोटो छान आले, पण मुलांच्या शिकण्यात त्यामुळे काय फरक पडला, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून विचारतो: पैसा कुठे लावावा, शिक्षकांपर्यंत थेट मदत कशी पोचवावी आणि कागदपत्रं कोणती लागतील?

केंद्रशाळा

शाळेला सरकारकडून काय मिळतं ते आधी बघा, म्हणजे दुहेरी खर्च टळेल. पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं मोफत येतात, गणवेश येतो, पोषण आहार असतो. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान मिळतं: पट ३० पर्यंत असेल तर १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००. त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर जातो. वीजबिल, खडू-कागद, किरकोळ दुरुस्ती हे सगळं त्यातूनच भागवायचं. पट २२ असलेल्या शाळेच्या मुख्याध्यापकाला दहा हजारांत वर्ष काढायचं असतं, तेही पैसे वेळेवर आले तर. शैक्षणिक साहित्याला त्यातून जवळपास काहीच उरत नाही. तुमची जागा तिथे आहे.

शिक्षकांसाठी छोटं अनुदान ठेवा, प्रत्येकी तीन ते पाच हजार. अर्ज एका पानाचा. इयत्ता कोणती, मुलं कुठे अडतात, कोणतं साहित्य हवं, दुकानदाराचा दर काय, एवढंच विचारा. अर्ज जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात घ्या आणि जुलै संपायच्या आत साहित्य वर्गात पोचवा. दिवाळीनंतर क्रीडा स्पर्धा, स्नेहसंमेलन, परीक्षांची तयारी सुरू होते. जानेवारीत आलेलं साहित्य पुढच्या वर्षापर्यंत खोक्यातच राहतं आणि तोवर शिक्षकाची बदलीही होऊ शकते.

महागाचं साहित्य म्हणजे चांगलं असं समजू नका. पहिली-दुसरीच्या गणिताला शंभर मण्यांची माळ लागते: दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल. मणी १५ मिमीचा घेतला तर माळ दीड मीटर भरते, म्हणून दोरी दोन मीटर घ्या. वीसेक सेंटिमीटर जागा मोकळी सुटली नाही तर मणी सरकत नाहीत, आणि मणी सरकले नाहीत तर ४७ म्हणजे चार दहाचे गट आणि सात सुटे हे मुलाला हाताने वेगळं करून बघता येत नाही. उरलेली दोरी दोन्ही टोकांच्या गाठींना आणि खिळ्यांना. नायलॉनची गाठ सुटते, टोक मेणबत्तीवर वितळवून घ्यावं. माळ मुलांच्या खांद्याच्या उंचीवर बांधा. बऱ्याच शाळांत ती फळ्याच्या वर, फक्त शिक्षकाचा हात पोचेल तिथे टांगलेली दिसते.

प्रशिक्षण ठेवायचं असेल तर शाळेच्या वेळेत शिक्षकांना बाहेर बोलावू नका. द्विशिक्षकी शाळेतला एक गेला की उरलेला एकटा चार-पाच इयत्ता सांभाळतो, शिकवणं त्या दिवशी थांबतंच. केंद्राची शिक्षण परिषद होतेच, केंद्रप्रमुखांशी बोलून त्यातला दीड तास मागून घ्या.

वाचनकोपरा

पुस्तकांबद्दल थोडं. एका शाळेला पाचशे पुस्तकं देण्यापेक्षा दीडशे निवडून द्या आणि दर चार महिन्यांनी शाळाशाळांत पेट्या फिरवा. पहिली-दुसरीसाठी पानाला एक-दोन ओळी, मोठा टाइप, चित्र भरपूर. देणगीत येणारी जाड चरित्रं आणि बोधकथासंग्रह या वयाला उपयोगी नाहीत, ते नम्रपणे नाकारा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरच्या मराठी गोष्टी खुल्या परवान्याच्या आहेत. श्रेयनामावली तशीच ठेवून त्या स्थानिक छापखान्यात छापून घेता येतात.

पुस्तकं कपाटात कुलूपबंद का राहतात, हेही समजून घ्या. वस्तू जडसंग्रह नोंदवहीत (शाळेच्या टिकाऊ वस्तूंची नोंद) किंवा ग्रंथालय नोंदवहीत चढली की तिची जबाबदारी मुख्याध्यापकांवर येते. फाटलेल्या पुस्तकाचा जाब तपासणीत आपल्याला द्यावा लागेल, या भीतीने ते पुस्तक मुलाच्या हातात देत नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नाही. उपाय असा: पेट्या प्रतिष्ठानच्या मालकीच्या ठेवा आणि शाळेला वापरायला दिल्याचं पत्र द्या. पत्रात स्पष्ट लिहा की वर्षाला दहा टक्के पुस्तकं फाटतील किंवा हरवतील हे आम्ही धरून चाललो आहोत, भरपाई मागणार नाही. पुस्तकं शाळेच्या मालकीची करायची असतील तर फाटलेल्यांचं निर्लेखन (नोंदवहीतून रीतसर कमी करणं) दरवर्षी करून घ्यायची आठवण तुम्हीच ठेवा.

नववीचा_फॉर्म

आठवीपर्यंतच्या तीन शाळा आहेत म्हणता, मग एनएमएमएस धरा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या हुशार मुलांसाठीची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती. सर्वात कमी खर्चात मुलाच्या हाती सर्वात जास्त पैसा यातून येतो. नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,०००. महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ विद्यार्थ्यांचा आहे. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीत ५५ टक्के गुण (अनुसूचित जाती-जमातींना ५०). परीक्षा आठवीत, राज्य परीक्षा परिषदेमार्फत: बौद्धिक क्षमता ९० गुण आणि शालेय क्षमता ९० गुण. शालेय क्षमतेत विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५, गणित २०. प्रत्येक पेपर ९० मिनिटांचा.

म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. लहान शाळेतलं हुशार मूल इथेच मागे पडतं, कारण गोल रंगवायची उत्तरपत्रिका त्याने आधी पाहिलेलीच नसते. ऑगस्टपासून दर शनिवारी एक सराव पेपर, खऱ्या मापाच्या उत्तरपत्रिकेवर, काळ्या बॉलपेनने, घड्याळ लावून. पेपर झाल्यावर चुकलेले प्रश्न त्याच दिवशी सोडवून घ्या, नाहीतर नुसता सराव करून गुण वाढत नाहीत.

मात्र खरी गळती निवड झाल्यानंतर सुरू होते. मूल यादीत येतं, घरी सत्कार होतो आणि पैसे येत नाहीत. कारणं ठरलेली असतात:

शाळेच्या दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव जुळत नाही. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे वडिलांचं नाव गायब. ही दुरुस्ती सातवीतच करून घ्या.

बँकेत केवायसी झालं म्हणजे आधार जोडलं गेलं असं पालक समजतात. थेट लाभासाठी खातं एनपीसीआयकडे (बँकांमधली पेमेंट व्यवस्था चालवणारी संस्था) आधारशी जोडलेलं असावं लागतं. त्याची स्थिती आधारच्या संकेतस्थळावर दिसते, ती स्वतः उघडून बघा. दोन वर्षं व्यवहार न झालेलं खातं निष्क्रिय होतं, तेही तपासा.

नववीत राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नव्याने अर्ज भरावा लागतो, आणि पुढे दरवर्षी नूतनीकरण. मुलाने भरलं तरी शाळेच्या लॉगिनवरून पडताळणी झाली नाही तर अर्ज तिथेच अडकतो. यादीत नाव आलेलं मूल आता दुसऱ्या हायस्कुलात असतं आणि तिथल्या लिपिकाला त्याच्याबद्दल काही माहीत नसतं.

दहावीत ६० टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५५) लागतात. पदविका किंवा आयटीआयला गेलं की ही शिष्यवृत्ती थांबते. विनाअनुदानित शाळेत प्रवेश घेतला तरी थांबते. प्रवेश घेण्याआधी पालकांना हे सांगणारं कुणीतरी हवं.

एक माणूस, एक लॅपटॉप, एक वही. वहीत प्रत्येक मुलामागे रकाने: सध्याची शाळा, अर्ज क्रमांक, शाळेची पडताळणी, जिल्ह्याची पडताळणी, रक्कम जमा झाल्याची तारीख. चार वर्षं हीच वही चालवा. प्रवासखर्चासह वर्षाला वीस-पंचवीस हजारांत भागतं.

मराठा-कुणबी समाजातली जी मुलं परीक्षेत पात्र ठरली पण कोट्यात आली नाहीत, त्यांना सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ९,६०० रुपये. तिचा अर्ज वेगळा आणि मुदतही वेगळी.

जमाखर्च

कागदपत्रांचं सांगतो. सुरुवात शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावापासून. शिक्षण हक्क कायद्यानुसार समितीत पाऊण सदस्य पालक असतात, त्यांची मागणी लेखी आली की पुढचे वाद होत नाहीत. ठराव, मुख्याध्यापकांचं मागणीपत्र, गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, वस्तू दिल्यावर पोच आणि नोंदवहीतल्या पानाची छायाप्रत, असा प्रत्येक शाळेचा संच ठेवा. रोख रक्कम शाळेत कुणाच्याही हातात देऊ नका, दुकानदाराला प्रतिष्ठानच्या खात्यातून पैसे जाऊ देत.

८०जीच्या बाबतीत, दोन हजारांहून जास्त रोख देणगीवर देणगीदाराला सवलत मिळत नाही, व्यापारी मंडळींना आधीच सांगा. कंपनीचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी घ्यायचा असेल तर सीएसआर-१ नोंदणी करावी लागेल. वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के त्याच वर्षी खर्च व्हायला हवेत, म्हणून सगळी खरेदी मार्चवर ढकलू नका.

मानधनावर स्वयंसेवक शिक्षक नेमायचा मोह होईल, कारण रिक्त पदं डोळ्यांसमोर असतात. लेखी परवानगीशिवाय नेमू नका. नेमला तर करारात कालावधी, मानधन आणि नियमित नोकरीचा हक्क नाही हे स्पष्ट लिहा. दोन वर्षांचे पैसे हातात नसतील तर सुरूच करू नका. अर्ध्या वर्षात तो गेला तर त्या वर्गाचं आधीपेक्षा जास्त नुकसान होतं.

नांदगावचा_पार

फार उपयोगी पडलं, सर्वांचे आभार. एकच विचारतो, स्मार्ट टीव्हीची मागणी १४ पैकी ९ शाळांनी केली आहे. द्यावा का?

केंद्रशाळा

आधी त्या नऊ शाळांची वीजबिलं मागवा. थकबाकी असेल आणि मीटर तोडलेलं असेल तर टीव्ही भिंतीवर नुसता टांगलेला राहील. वीज नियमित असेल तिथे अर्थिंग तपासून घ्या, पावसाळ्यात टीव्ही त्यानेच जळतात. मग दोन शाळांना द्या आणि दिवाळीपर्यंत कोणता वर्ग, कोणता पाठ, किती मिनिटं याची नोंद ठेवायला सांगा. ती नोंद बघून उरलेल्या सातांचं ठरवा.