सिग्नल आहे, झेब्रा आहे, तरी आई पलीकडे पोचत नाही. अर्जात नेमकं काय मागू?

प्रश्न (कोपरखैरणे)
आईला रोज संध्याकाळी बागेत नेते. वय ७६, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, हातात काठी. वाटेत सहा पदरी रस्ता. हिरवा माणूस लागतो १८ सेकंद. पाऊल टाकावं तर डावीकडून वळणाऱ्या रिक्षा आडव्या येतात, त्यातच तीन-चार सेकंद जातात. परवा आम्ही दुभाजक ओलांडून जेमतेम पुढे आलो आणि गाड्या सुटल्या. आईने माझा दंड इतका घट्ट धरला की घरी आल्यावर बोटांचे वळ दिसत होते. तेव्हापासून रोज "आज नको" म्हणते. नुसतं "वेळ वाढवा" लिहून भागेल का?

उत्तर (ठाणे, सिग्नलच्या कामात आहे)
आधी रस्ता मोजा. टायमिंग बसवताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरतात. काठी घेऊन चालणाऱ्यासाठी ०.८ धरा आणि ते गणित अर्जातच मांडा. दुसरं, गाड्यांच्या आधी पाच सेकंद हिरवा माणूस मागा. माणसं झेब्र्यावर पुढे आलेली असली की वळणाऱ्याला समोर दिसतात. पण लेफ्ट फ्री असेल, म्हणजे डावीकडे वळायला सिग्नलच नसेल, तर त्याने काही होणार नाही, मग लेफ्टलाही लाल दिवा मागावा लागेल.

उत्तर (नेरूळ)
ताई, वेळ फार वाढवली की बाकीच्यांना ताटकळावं लागतं आणि लोक लालमध्येच पळत सुटतात, हे आमच्या चौकात रोज बघतो. त्यापेक्षा दुभाजकात थांबायला जागा मागा. व्हीलचेअर मावेल एवढी रुंद, रस्त्याच्या पातळीत. म्हातारं माणूस दोन टप्प्यांत निवांत जातं. टायमिंगचा अर्ज वाहतूक शाखेला, दुभाजकाचा महापालिकेला. दोन्हींची पोच घ्या, पोच नसेल तर पुढे विचारायला तोंड राहत नाही.

प्रश्नकर्ती
आज पहाटे शेजारच्या मुलाला घेऊन टेपने मोजलं. २३ मीटर. आईच्या चालीने २९ सेकंद हवेत. १.२ने भागलं तरी १९ येतात, म्हणजे धडधाकट माणसालाही १८ कमीच! दुभाजक दोन विती रुंद, काठी टेकवून थांबायलासुद्धा जागा नाही. लेफ्ट फ्रीच आहे. दोन्ही अर्ज लिहिलेत. पहिली सही आईची घेतली, आता बागेतल्या बाकीच्या आज्यांकडे जातेय.