‘बी.डी. (सेरामपूर)’ म्हणजे शिक्षण नेमकं कुठे झालं?

पानाडी: आमच्या चर्चच्या मंडळीच्या शताब्दी स्मरणिकेसाठी जुन्या पाळकांच्या (पाद्रींच्या) नोंदी लावतोय. बऱ्याच नावांपुढे ‘बी.डी. (सेरामपूर)’, म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी ही ईश्वरविज्ञानाची पदवी आहे. सगळे बंगालला शिकायला गेले होते का? आणि सेरामपूर कॉलेज या एका कॉलेजला पदवी द्यायचा अधिकार कसा मिळाला?

मोडीवाचक: गेलेच असतील असं धरू नका. परीक्षा आणि पदवी सेरामपूर कॉलेजच्या सिनेटची (परीक्षा-पदव्या पाहणाऱ्या मंडळाची) असते, शिकवणी संलग्न सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या विद्यालयात) होते. बेंगळुरूचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज, पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी इथले विद्यार्थीही हीच पदवी घेतात. त्यामुळे पदवीपत्रावर न थांबता सेमिनरीचा दाखला शोधा. युनियन बिब्लिकल १९८३ मध्ये पुण्याला आली. त्याआधी ती यवतमाळला होती, तेव्हा तिथली कागदपत्रंही बघा.

अधिकाराचं मूळ डेन्मार्कमध्ये आहे. कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांना थारा नव्हता, म्हणून १८०० साली विल्यम केरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी हुगळीकाठच्या या डॅनिश वसाहतीत बस्तान बसवलं. १८१८ साली ३७ विद्यार्थ्यांवर कॉलेज सुरू झालं, १८२७ साली राजा सहावा फ्रेडरिक याने सनद दिली. १८४५ साली डेन्मार्कने गाव इंग्रजांना विकलं, तेव्हा कॉलेजचे हक्क तहातच राखून ठेवले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच.

जुनी पानं: एक भर. सनद १८२७ ची असली तरी पहिली बी.डी. १९१५ ला दिली गेली, म्हणजे मध्ये ८८ वर्षं गेली. ईश्वरविज्ञानाचा उच्च अभ्यासक्रम १९१० मध्ये प्राचार्य हॉवेल्स यांच्या काळात नव्याने उभा राहिला. पुढे १९१८ च्या बंगालच्या कायद्याने कॉलेजची कौन्सिल आणि सिनेट यांची नीट घडी बसली, वेगवेगळ्या पंथांना त्यांत जागा मिळाली. तुमच्या नोंदीत १९१५ च्या आधीची ‘बी.डी. (सेरामपूर)’ दिसली, तर साल चुकलंय. बहुधा पाळकपदाच्या दीक्षेचं साल पदवीपुढे पडलं असेल. याच कॉलेजची बी.ए. मात्र कलकत्ता विद्यापीठाची, तिची चौकशी तिकडे करा.

मोडीवाचक: नावाचाही घोळ होतो. बंगालीत या गावाला श्रीरामपूर म्हणतात, त्यामुळे सूचीत ते नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरखाली जाऊन बसतं. शोधताना दोन्ही नावं घाला. केरींचा १८१० चा मराठी कोशही इथलाच. त्यातले मराठी शब्द मोडीत छापलेत, कारण रोजच्या व्यवहाराची लिपी तीच होती.