राजाने दिलेल्या हुकमाला मानवी हक्क म्हणायचे का? कोल्हापूरच्या निमित्ताने एक चर्चा

निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ

मी अनेक वर्षे नागरिकशास्त्र शिकवले. मानवी हक्कांच्या विकासावर प्रश्न आला की सगळ्या उत्तरपत्रिका एकाच वाटेने जायच्या : १२१५ ची मॅग्ना कार्टा, १७८९ चा फ्रेंच जाहीरनामा आणि शेवटी १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मंजूर केलेला तीस कलमांचा वैश्विक जाहीरनामा. यात खोटे काहीच नाही. पण दसरा चौकातून रोज शाळेत येणाऱ्या मुलाला या इतिहासात आपले शहर कुठेच भेटत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

मॅग्ना कार्टा ही मुळात सरदारांनी इंग्लंडच्या जॉन राजाकडून आपल्यासाठी मिळवलेली सनद होती. तिथल्या भूदासाच्या पदरात तिने फारसे काही टाकले नाही. उलट २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी करवीर संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या, त्या ज्यांना आजवर दारातही उभे केले जात नव्हते त्यांच्यासाठी. पुढे सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आले, पिढ्यान्‌पिढ्या गावकामाला बांधून ठेवणारी महारवतने रद्द झाली आणि १९१९ मध्ये सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळण्यास मनाई झाली. माझे म्हणणे एवढेच की आपल्या मुलांना मानवी हक्कांचा धडा येथून सुरू करून शिकवावा.

वकील, शाहूपुरी

सर, महाराजांविषयीचा आदर आपल्याइतकाच मलाही आहे, तरीही मी असहमत आहे. हुकूम देणारा राजा दयाळू असेल तर प्रजेचे भले होते. पण तोच हुकूम उद्या मागे घेतला गेला, तर प्रजेने कोणाकडे जायचे, या प्रश्नाला संस्थानी व्यवस्थेत उत्तर नव्हते. सत्ताधाऱ्याच्या इच्छेविरुद्धही जो मागता येतो, तो हक्क. बाकीची कृपा, मग ती कितीही मोठी असो.

अनुभवातले सांगतो. एका पोलीस ठाण्यात रात्री एका तरुणाला आणून बसवले होते. त्याची आई बाहेरच्या बाकड्यावर जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसून होती आणि आत नोंद मात्र दुसऱ्या दिवशी दुपारची दाखवली गेली. राज्यघटनेच्या कलम २२ नुसार चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावे लागते, म्हणून सगळी लढाई त्या एका वेळेवर होती. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालाप्रमाणे अटकेच्या पंचनाम्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही लागते. ती सही आणि तिच्याखालची वेळ कुठे आहे, असे मी विचारले, तेव्हा कुठे कागद हलले. त्या आईला कोणाच्या चांगुलपणाची वाट पाहावी लागली नाही. हक्क म्हणतात तो याला.

निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ

वकीलसाहेब, १९०२ चा हुकूम पुन्हा एकदा वाचावा, ही विनंती. त्यात निव्वळ सदिच्छा नाही. यापुढे केलेल्या नेमणुकांचा तिमाही तक्ता प्रत्येक खातेप्रमुखाने सादर करावा, असे त्यात बजावले आहे. कृपा करणारा हिशेब मागत नाही. महाराजांनी आपल्याच कारभाराला बांधून घेतले, आणि सत्तेने स्वतःला नियमाने बांधून घेणे हे हक्काचे निम्मे अंग आहे, असे मी मानतो.

संशोधक विद्यार्थिनी, कागल

दोघांचेही वाचले. एक जण राजापाशी थांबतो, दुसरा न्यायालयापाशी. ज्याने पाण्याला हात लावला तो माणूस दोघांच्याही मांडणीत मागेच राहतो.

महाडचे उदाहरण घ्या. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्येच केला होता आणि महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले झाल्याचे ठरवले होते. कागद तयार होता, तळे भरलेले होते, तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांसह हजारो माणसे तळ्यावर जाईपर्यंत ते पाणी त्यांचे नव्हते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसऱ्या सत्याग्रहाच्या वेळी न्यायालयाने तात्पुरता मनाईहुकूम दिला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल लागायला १९३७ साल उजाडले. वकीलसाहेब, ती मधली दहा वर्षे आपल्या व्याख्येत कुठे बसतात?

जाहीरनाम्यांचेही तेच आहे. फ्रान्सच्या १७८९ च्या जाहीरनाम्यात स्त्रिया नव्हत्या, म्हणून ऑलिंप द गूज यांनी १७९१ मध्ये स्त्रीच्या हक्कांचा वेगळा जाहीरनामा लिहिला; दोनच वर्षांनी त्यांना गिलोटीनवर चढवण्यात आले. १९४८ च्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघू शकेल असा शब्द होता, तो बदलून ‘सर्व मानव’ असा निःसंदिग्ध शब्द यावा म्हणून भारताच्या हंसा मेहता यांनी आग्रह धरला. हा बदल कोणी देऊ केला नव्हता.

व्यापारी, लक्ष्मीपुरी

हक्कांची एवढी चर्चा होते, कर्तव्यांचे काय? हक्क हे नीट पार पाडलेल्या कर्तव्यातून येतात, असे गांधीजींचेही मत होते. घटनेतच मूलभूत कर्तव्ये दिलेली आहेत.

वकील, शाहूपुरी

दिलेली आहेत, पण ती १९७६ मध्ये, आणीबाणीत, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही असा निकाल दिला आणि एकट्या न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी त्याला विरोध नोंदवला. कर्तव्य मला मान्य आहे. पण कर्तव्य न केलेल्या माणसालाही मारहाण न होण्याचा हक्क असतो. तो माणूस असल्यामुळे असतो.

ताईंचा प्रश्न मात्र मला लागला. न्यायालयाचा मनाईहुकूम माझ्या मांडणीत बसत नाही, हे मी कबूल करतो. दाद मागण्याची जागा असणे पुरेसे नाही. ती जवळ हवी आणि वेळेत हवी. उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू होईपर्यंत आमचे पक्षकार रात्रीची गाडी पकडून मुंबईला जात होते, आणि त्या खर्चापायी कित्येकांनी अपीलच केले नाही.

निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ

ताईंनी दाखवलेली उणीव मीही मान्य करतो, आणि तिचे उत्तर मला याच शहरात दिसते. भाऊसिंगजी रस्त्यावर गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले होते. त्याआधी हौदाच्या पाण्याला शिवल्याबद्दल त्यांनी मार खाल्लेला होता. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोणी येईना, तेव्हा महाराज गाडी थांबवून तिथे चहा घेत आणि बरोबरच्या सवर्णांनाही पाजत. आजवर मी ही गोष्ट महाराजांची म्हणून सांगत आलो. महाराजांची गाडी थांबण्याआधीही मार खाल्लेला तो माणूस रोज सकाळी चूल पेटवून, गिऱ्हाइकाची वाट पाहत दुकान उघडत होता, हे मी वर्गात एकदाही सांगितले नाही.

१९०२ च्या हुकमाबद्दलचे माझे मत तरीही बदललेले नाही. धडा मात्र मी त्या चुलीपासून सुरू करीन.