लघुपटासाठी पाच घोडे, कातळाचं पठार: काय काय बघावं?

वाईखोरे
वाईजवळ पठारावर दोन दिवसांचं शूटिंग आहे. पाच घोडे: चार नर (एकही खच्ची नाही) आणि एक घोडी. ८० मीटर भरधाव दौड, रात्री मशालींचा सीन, एक स्वार खाली पडतो तो शॉट. जमीन कातळ, वर पातळ मुरूम. घोडेवाला म्हणतो, "सवयीचे आहेत, काळजी नको." कागदपत्रं आणि सेटवरची तयारी, दोन्ही सांगा.

नालबंद
आधी जमीन. कातळावर लोखंडी नाल घसरतो आणि मुरमाचा पातळ थर त्यात भरच घालतो. दौडीचा पट्टा ८० मीटरचा धरू नका. भरधाव घोडा थांबायला पुढे किमान ६० मीटर मोकळे हवेत, म्हणजे १४० मीटर. ४ मीटर रुंदीवर १५ सेंमी माती टाकायची तर ८४ घनमीटर, जवळपास ३० ब्रास. परवडणार नाही. त्यापेक्षा खालचं काढणी झालेलं शेत घ्या आणि कुळवून सपाट करा. खोल नांगरट मात्र नको, पाय रुततात आणि पायाच्या शिरा ताणतात. पट्टा पायी चालून बघा: उंदरांची बिळं, ठिबकच्या नळ्या, तारेचे तुकडे.

दौडीची दिशा घोडे आणलेल्या ट्रककडे ठेवू नका. परतीच्या वाटेवर घोडा लगाम जुमानत नाही.

कागदी_घोडा
परफॉर्मिंग ॲनिमल्स (रजिस्ट्रेशन) नियम, २००१ वाचा. घोड्यांची नोंदणी आहे का ते घोडेवाल्याला विचारा, आणि शूटिंगआधी भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाकडे अर्ज करा. सोबत पशुवैद्याचा तंदुरुस्तीचा दाखला लागतो. सेन्सॉरला जाणार असाल तर मंडळाचं ना हरकत पत्र नसल्यास तिथे अडाल.

मशाली विसरा. त्याच नियमांत जनावराला आगीजवळ नेणं आणि स्फोटाच्या आवाजाजवळ ठेवणं बंद आहे. एलईडी मशाल धरा, ज्वाळा नंतर व्हीएफएक्सने लावा. गुंगीचं औषधही चालत नाही. काटेरी कडीचा लगाम दिसला तर तो घोडा परत पाठवा.

ग्लँडर्सची रक्ततपासणी झालेली असावी. हा रोग माणसालाही होतो, आणि बाधित घोडा मारावा लागतो.

मोतद्दार
घोडी बदला. ती माजावर असली तर चार नर आवरणं कोणाच्या बापाला जमणार नाही. बदलता येत नसेल तर ती वेगळ्या वेळेला आणा.

जास्त घोळ वाट बघण्यात होतो. घोडा लगामाने बांधू नका; बिचकून मागे ओढला की जीभ कापते. म्होरकी घाला, दोर खांबाला थेट न बांधता सुतळीच्या कडीत बांधा. जोर पडला की सुतळी तुटते, घोड्याची मान वाचते. दोन टेकच्या मध्ये १५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ असेल तर तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) सैल करा आणि पुन्हा चढण्याआधी आवळा.

वाईखोरे
धन्यवाद. पडण्याचा शॉट कसा घ्यावा? आणि तापलेल्या घोड्याला पाणी देऊ नये म्हणतात, खरं का?

मोतद्दार
पडायचं ते स्वाराने, घोड्याने नाही. पायात तार किंवा दोर अडकवायचा नाही, कुठल्याही कारणाने. भुसभुशीत मातीचा चौकोन आधी खणून ठेवा, घोडा दुडकीवर, कॅमेरा खाली. लगाम मानेवर गाठ मारून ठेवा, नाहीतर सुटून पुढच्या पायांत येतो. मोजडीला टाच नसते, पाय रिकिबीतून आरपार जातो आणि स्वार फरफटतो. वेशभूषावाल्यांकडून टाच लावून घ्या.

पाण्याचं ऐकीव आहे. ३-४ लिटर, पाच मिनिटांनी पुन्हा तेवढंच. अंगावर पाणी ओता आणि हाताने निपटून पुन्हा ओता, नुसतं ओलं ठेवू नका. हरभरा, भरडा मात्र तासभर नको.

नालबंद
एक भर. जबड्याखालची नाडी १५ सेकंद मोजून चारने गुणा. आरामात २८ ते ४४. दौडीनंतर अर्ध्या तासातही ६४ च्या खाली आली नाही तर त्या दिवशी पुढचा टेक नाही. घोडा सारखा पोटाकडे वळून बघत असेल, लोळत असेल तर तो पोटशूळ. पशुवैद्य तिथेच हवा, फोनवर नाही.