खाजनं बुडाली ती कुळांमुळे?

तिसवाडीकर: काल इथे एकाने ठोकून दिलं, ‘कुळांना जमिनी दिल्या आणि गोव्याची खाजनं बुडाली, धोरणच चुकीचं.’ राहवलं नाही म्हणून लिहितो. खाजनं म्हणजे खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं. शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना, 1976च्या दुरुस्तीने कूळ जमिनीचं मालक झालं. तो न्याय होता. घोडं अडलं बांधापाशी. पूर्वी बांध गावकारी, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था, बघायची. 1975च्या नियमांनी ते काम कुळांच्या संघांवर आलं. पण गावकारीचा बांधावर फिरणारा माणूस संघांना कोण देणार होतं? खेकड्याने पाडलेलं भोक माझे आजोबा रात्रीच चिखल-पेंढा कोंबून बुजवायचे. आता ते तसंच राहतं आणि पुढच्या भरतीला कोरगुट भाताच्या मुळाशी मीठ.

चोडणकाठ: माणूस नव्हता म्हणे! मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांच्या, पावणीचे (मासेमारीच्या लिलावाचे) पैसे येत होते ना? आमच्याकडे मानस घेणारा भर पावसाळ्यात दारं उघडी टाकायचा. खारं पाणी जेवढं आत, तेवढी सुंगटं (कोळंबी) जास्त. माझ्या बापाचं उभं शेत दोनदा करपलं. संघाच्या सभेत बोललो तर मलाच गप्प बसवलं. आणि तुम्ही संघाची बाजू घेता?

फोंडेकर: मासळी सोडा हो. शेत करायचं कुणी? निम्मी घरं तारवावर, म्हणजे जहाजावर नोकरीला. मी स्वतः चौदा वर्षं बोटीवर काढली, भाताने माझ्या मुलांची फी भागली नसती.

चोडणकाठ: मग जमीन कशाला धरून बसलात? तुमच्या पडीक तुकड्यातून पाणी माझ्या शेतात येतं!

फोंडेकर: वडिलांनी कसलेली जमीन आहे. तुम्ही कोण विचारणार?

माजी तलाठी: भांडा, पण हे ऐका. बांध फुटून चार-पाच वर्षं गेली की आत खारफुटी उगवते. मग तिला कायद्याचं संरक्षण, तोडता येत नाही. म्हणजे उशीर केला की शेत कायमचं गेलं. दुरुस्तीचे अर्ज मी स्वतः वर पाठवायचो. पैसा यायचा, दगड पडायचे, पण जुना बांध का फुटला हे बघायला कुणी खाली उतरलं नाही.

तिसवाडीकर: चोडणकाठ, मानशीचं तुमचं म्हणणं मान्य करावं लागतं, मनाविरुद्ध. पावणीचा हिशेब मी कधी मागितलाच नाही. पण कुळांना जमीन दिली हीच चूक, हे मी मरेपर्यंत मानणार नाही. या रविवारी ओहोटीला बांधावर या, ते भोक दाखवतो.

चोडणकाठ: येतो. फावडं तुम्ही आणा.