मदत हवी आहे: 'बायबलमध्ये चूक नाही' हे तर्काने मांडताना अहज्याच्या वयावर अडलोय

सगळ्यांना सलाम. मी नागपूरचा, मेकोसाबागेत राहतो. आमच्या मंडळीत उपासना झाल्यावर तरुण पोरापोरींचा अभ्यासवर्ग घेतो. सध्या विषय चालू आहे पवित्र शास्त्राची अचूकता. वर्गात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा एक पोट्टा आहे, संडे स्कूलपासून मंडळीतच वाढलेला. मोबाइलवर विसंगतींची यादी घेऊन येतो, पण टर उडवायला नाही, खरंच समजून घ्यायला विचारून राहिला. 'विश्वास ठेव बाबा' म्हणून त्याला गप्प बसवायचं नाही.

एक उत्तर आधीच बाद करतो, म्हणजे कोणी तेच लिहिणार नाही. 'बायबल देवाचं वचन आहे, कारण २ तीमथ्य ३:१६ मध्ये तसं लिहिलंय. आणि तीमथ्याचं पत्र खरं, कारण ते बायबलात आहे.' हा घाण्याचा बैल आहे, दिवसभर चालला तरी जागेवरच.

मी धरलेला क्रम असा. सुरुवातीला चारही शुभवर्तमानं (येशूचं चरित्र सांगणारी मत्तय, मार्क, लूक, योहान ही पुस्तकं) फक्त जुने ऐतिहासिक दस्तऐवज म्हणून घ्यायची. प्रेरित वगैरे अजून काही म्हणायचं नाही. येशूला क्रूसाची शिक्षा देणारा रोमी सुभेदार पिलात कल्पनेतला नाही, कैसरियात १९६१ साली त्याच्या नावाचा शिलालेख सापडला. असले धागे तपासत एवढंच ठरवायचं की हे लेखक साधारणपणे भरवशाचे आहेत का. मग त्यांच्या आधारे येशूने स्वतःबद्दल काय म्हटलं आणि पुनरुत्थानाची साक्ष किती टिकते ते पाहायचं. तो उठला असेल तर त्याच्या शब्दाला वजन आहे, आणि शास्त्रलेख मोडत नाही हे त्याने योहान १०:३५ मध्ये गृहीतच धरलंय. तिथून अचूकता. यातल्या प्रत्येक पायरीवर वाद घालता येतो, पण निष्कर्षच पुरावा म्हणून आत आणलेला नाही.

यादीतली बरीचशी प्रकरणं साध्या तर्कात निकालात निघाली. विसंगती म्हणजे एकाच गोष्टीबद्दल, एकाच अर्थाने 'आहे' आणि 'नाही' म्हणणं. येशूच्या कबरेपाशी मत्तय एक देवदूत सांगतो, योहान दोन. 'एकच होता' असं मत्तय कुठेही म्हणत नाही. १ राजे ७:२३ मधला ओतीव समुद्र, म्हणजे शलमोनाच्या मंदिरातलं धातूचं मोठं गोल कुंड, व्यासाने १० हात आणि घेराने ३० हात. गणितातल्या पायची (π) किंमत ३ झाली म्हणून वर्गात हशा झाला, पण इव्हँजेलिकल अभ्यासकांनी बायबलच्या अचूकतेवर काढलेल्या १९७८ च्या शिकागो निवेदनाचं कलम १३ गोळाबेरीज आकड्याला चूक मानतच नाही, आणि पोट्ट्यालाही ते पटलं. येशूला दगा देणाऱ्या यहूदाचा मृत्यू (मत्तय २७:५ आणि प्रेषितांची कृत्ये १:१८) थोडा जड गेला. आधी गळफास, मग देह खाली पडून फुटला, असं जुळवता येतं. 'असं झालं असू शकतं' एवढंच मी म्हणतो, 'असंच झालं' नाही.

अडलं ते यहूदाच्या राज्याचा राजा अहज्यापाशी. राज्यावर बसला तेव्हा २ राजे ८:२६ प्रमाणे तो २२ वर्षांचा, २ इतिहास २२:२ च्या हिब्रू मजकुरात ४२ वर्षांचा. आता जरा मागे जा, २ इतिहास २१:२०. त्याचा बाप यहोराम ३२ व्या वर्षी राजा झाला, ८ वर्षं राज्य केलं आणि मेला. फळ्यावर लिहिलं, ३२ + ८ = ४०. बाप चाळिशीत गेला आणि गादीवर बसलेला मुलगा बेचाळीसचा! इथे गोळाबेरीज चालत नाही, दृष्टिकोनाचा फरकही चालत नाही.

मी सांगितलं, ही नक्कल करणाऱ्याची चूक. शिकागो निवेदनाच्या कलम १० प्रमाणे प्रेरणेचा दावा मूळ प्रतींपुरता आहे. त्यावर पोट्टा म्हणाला, "दादा, मूळ प्रत तर जगात एकही नाही. चूक सापडली की नकलाकाराची, नाही सापडली की देवाची कृपा. मग तुमचं म्हणणं खोटं ठरायचं असेल तर ठरणार कसं?"

याला काय उत्तर द्यावं? 'प्रार्थना करा' हे माहीत आहे, करतोय. उत्पत्ती आणि पृथ्वीचं वय इथे नको, नाहीतर कामठीकडचे जीवाश्म गोळा करत उपदेश करणाऱ्या आपल्या स्टीफन हिस्लॉप साहेबांपासून सुरुवात करावी लागेल आणि रविवार उजाडेल.

प्रतिसाद १

भाऊ, कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलंय, विश्वासू नाही, तरी लिहितो. पोराने दोन प्रश्न एकत्र केलेत.

पहिला, ४२ हा आकडा नकलेतला घोळ आहे का? याचा पुरावा स्वतंत्र मिळतो. काही ग्रीक प्रतींत आणि सुरियानी भाषांतरात तिथे २२ आहे. शिवाय दोन-तीन वचनं आधी बापाचं वय देणारा लेखक लगेच मुलाला बापाहून मोठा करेल, हे संभवत नाही. कुठल्याही जुन्या ग्रंथाला हाच न्याय लावतात. ज्ञानेश्वरीत पाठभेद शिरले म्हणून तर एकनाथांनी शके १५०६ मध्ये प्रत शुद्ध केली. तेव्हा इथे पळवाट नाही.

पळवाट होईल ती पुरावा नसताना तेच उत्तर दिलं तर. दावीद राजाने केलेली लढवय्यांची शिरगणती घ्या. २ शमुवेल २४:९ मध्ये इस्राएल ८ लाख, यहूदा ५ लाख. १ इतिहास २१:५ मध्ये ११ लाख आणि ४ लाख ७० हजार. 'नकलाकार' हा शब्द तिथे सहज जिभेवर येईल. आवरा. 'याचं उत्तर माझ्याकडे नाही' म्हणा, पोरं जास्त ऐकतील.

दुसरा प्रश्न, खोटं कसं ठरणार? तुमच्याच क्रमात अचूकता शेवटी येते, ती पुनरुत्थानाच्या पायरीवर टेकलेली आहे. ती पायरी ढासळली की सगळं गेलं. पौलाने १ करिंथ १५:१४ मध्ये स्वतःच सांगितलंय, ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ. खोटं ठरण्याची अट याहून उघड कोण लिहून देतो? पोराला वाद घालायचा तर तिथे घालू द्या, अहज्याच्या वयावर नाही.

आणि तुमच्या साखळीतली कच्ची कडी वेगळीच आहे, त्याला अजून दिसली नाही एवढंच. येशू बोलला तेव्हा शास्त्रलेख म्हणजे जुना करार, नवा करार तेव्हा लिहिलाच गेला नव्हता. नव्या कराराची अचूकता त्या वाक्यातून निघत नाही.

प्रतिसाद २

मी कॅथलिक, सेमिनरी हिल्सकडचा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या 'देई व्हर्बम' या दस्तऐवजात परिच्छेद ११ बघा. आपल्या तारणासाठी देवाला जे सत्य शास्त्रात यावं असं वाटलं, ते शास्त्र निर्दोषपणे शिकवतं, असं तिथे आहे. याचा अर्थ किती रुंद घ्यायचा यावर आमच्यातही वाद आहेत. पण राजाच्या वयावर तुमची एवढी दमछाक का चाललीय, कळलं नाही.

धागाकर्ता

@प्रतिसाद २: दमछाक यासाठी, की तारणापुरतं काय आणि बाकी काय ही रेघ कोण मारणार? पुनरुत्थान ही तारणाचीही गोष्ट आहे आणि इतिहासाचीही. रेघ एकदा हलायला लागली की ती कुठे थांबवायची ते मला सांगता येत नाही. त्यामुळे हे मला पटत नाही, राग नसावा.

@प्रतिसाद १: सर, हेच हवं होतं. २२ देणाऱ्या प्रतींचा मुद्दा आणि १ करिंथ १५ रविवारी मांडतो. नव्या कराराची कडी मी स्वतःच वर्गात काढणार आहे, त्याला सापडण्याआधी. योहान १४:२६ मध्ये येशू प्रेषितांना पवित्र आत्मा सगळ्याची आठवण देईल असं वचन देतो, आणि २ पेत्र ३:१६ पौलाच्या पत्रांना इतर शास्त्रलेखांच्या रांगेत बसवतं. पुरेसं आहे का? मला वाटतं पहिलं बऱ्यापैकी चालेल. दुसरं वादात अडकेल, कारण ते पत्र पेत्राचं का यावरच अभ्यासकांत दुमत आहे. कोणाकडे याहून मजबूत मांडणी असेल तर टाका.

आणि यादीत पुढे लूक २:२ आहे. येशूचा जन्म सुरियाचा रोमी सुभेदार क्विरीनियच्या नावनोंदणीच्या वेळी झाला असं तिथे आहे, आणि मत्तयाप्रमाणे हेरोद राजा तेव्हा जिवंत होता. पण ही नावनोंदणी पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस इसवी सन ६ च्या सुमाराला लावतो, हेरोद तर बहुतेकांच्या हिशोबाने इसवी सनापूर्वी ४ मध्येच वारला. यावर 'आधीही एक नोंदणी झाली असेल' एवढंच उत्तर माझ्याकडे आहे, आणि त्याला पुरावा मागितला जाणार. कोणी यावर नीट अभ्यास केला असेल तर शनिवार रात्रीपर्यंत लिहा.