वेस्टकापेलेच्या चर्चमनोऱ्यावरचा दिवा उतरवावा का?

वास्तुवेध: नेदरलँड्सच्या झीलंड प्रांतातील वेस्टकापेले गावात संत विलिब्रॉर्ड यांच्या चर्चचा गॉथिक मनोरा १४५८ ते १४७० या काळात बांधला गेला. १८१८ पासून त्याच्या माथ्यावर दीपगृह आहे, आणि १८३१च्या आगीत चर्च जळाल्यानंतर एकटा मनोरा उरला. उपग्रहांमुळे जहाजांना आपले स्थान अचूक कळत असताना माथ्यावरचा लाल दीपकक्ष उतरवून मनोऱ्याला त्याचे मूळ रूप द्यावे, असे माझे ठाम मत आहे. कारण २०७ पायऱ्या चढणाऱ्या पर्यटकाच्या लेखी ते केवळ दीपगृह असते, प्रार्थनास्थळाचा अवशेष नव्हे.

दर्यावाट: मी पूर्णपणे असहमत आहे. हा दिवा एकटा नाही. त्याच्या पुढे, समुद्राच्या बांधावर, १८७५ साली उभारलेले ओतीव लोखंडाचे ठेंगणे दीपगृह आहे. उत्तरेकडून वेस्टरस्केल्ड खाडीच्या मुखाकडे येताना हे दोन दिवे बरोबर एकावर एक दिसले, की जहाज ऊस्टगाटच्या जलमार्गात आहे असे समजावे. उंच दिवा ज्या बाजूला सरकलेला दिसेल, त्या बाजूला जहाज भरकटलेले असते. उपग्रहांचे संकेत रोखता येतात आणि खोटेही पाठवता येतात, म्हणून डोळ्यांनी करायची ही पडताळणी मला अनावश्यक वाटत नाही.

वास्तुवेध: दोन दिव्यांची ही रेषा महत्त्वाची असेल, तर त्याच रेषेवर स्वतंत्र खांब उभारता येईल. मद्रास उच्च न्यायालयाच्या घुमटावर १८९४ पासून दिवा होता. १९७७ मध्ये त्याचे काम मरीना किनाऱ्यावरील नव्या दीपगृहाकडे गेले, आणि त्यामुळे न्यायालयाच्या वास्तूचे काहीही बिघडले नाही.

दर्यावाट: त्या वास्तूत न्यायदान चालूच होते, इथे मात्र चर्चही नाही आणि उपासकही नाहीत. ३ ऑक्टोबर १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी बांध फोडला, गाव पाण्याखाली गेले, कित्येक गावकरी दगावले, आणि त्या विध्वंसातून हा मनोरा वाचला. त्याच्या ६०० वर्षांच्या जवळ पोहोचलेल्या आयुष्यात २०० वर्षे दिव्याची आहेत, तेव्हा ती पुसून उरलेल्यालाच 'मूळ' म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

वास्तुवेध: वर्षांचाच हिशेब करायचा, तर दिवा येण्यापूर्वीची साडेतीनशे वर्षे चर्चची आहेत. सपाट किनाऱ्यावरचे उंच चर्चमनोरे खलाशांना दिवसा खुणेसाठी दिव्याविनाही पुरत असत, म्हणून माझी मागणी मी मागे घेत नाही.